कोणत्या कामाला हात लावायचा: जालना जिल्ह्यातील श्रमदानाचा इतिहास

श्रमदान हा शब्द मराठवाड्याच्या खेड्यांत स्वातंत्र्यानंतर रुळला. त्यामागची रीत मात्र जुनी आहे. जालना, अंबड, भोकरदन, परतूर या भागातल्या कोरडवाहू शेतीत एकट्याच्या बळावर वेळ साधत नाही. पावसानंतर जमिनीला वाफसा येतो तो मोजके दिवस टिकतो आणि तेवढ्यात पेरणी उरकावी लागते. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो तशाच दुसऱ्या शेतकऱ्याशी सावड करतो. दोघांचे बैल एका औताला जुंपले जातात आणि दोन्ही शेते पाळीपाळीने होतात. इर्जिक याहून मोठी. एखाद्याचे काम तुंबले, घरात आजारपण आले किंवा कर्ता माणूस गेला, की आसपासचे शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत आणि एका दिवसात काम संपवत. मजुरी नसे, शेतधन्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे, एवढाच व्यवहार. सावडीत फेड ठरलेली असते, इर्जिकीत ती ठरलेली नसते. पण दोन्हींत काम कोणाचे, किती आणि केव्हा संपणार हे आधी सगळ्यांना ठाऊक असते. पुढच्या काळात गावकामाच्या अनेक योजना आल्या, त्यांत नेमकी हीच गोष्ट सांभाळणे अवघड गेले.

बिनमजुरीच्या कामाची दुसरी आठवण कडू आहे. जालना परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. अधिकाऱ्याचा मुक्काम पडला की सरपण, चारा, पाणी, गाडीबैल गावाने पुरवायचे, आणि ओझे वाहण्याची पाळी बहुतेक त्याच त्या जातींवर यायची. ही वेठ. इर्जिकीत माणूस बोलावल्यावर जाई, वेठीत पकडून नेला जाई. दोन्हीकडे दिवसाचे दाम नव्हते. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठ सोसली, त्यांना ‘गावासाठी फुकट राबा’ ही हाक ऐकल्यावर आधी संशय वाटावा, हे स्वाभाविक आहे. श्रमदानाचा इतिहास लिहिताना हा संशय बाजूला ठेवता येत नाही, कारण पुढे ज्यांनी काम नीट बेतले त्यांनी तो आधी ओळखला.

तिसरी आणि सर्वांत आनंदाची परंपरा हरिनाम सप्ताहाची. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, गोदावरीच्या काठाने पैठणची वारी, आणि गावोगावचे सप्ताह यांमुळे सेवा या शब्दाला इथे रोजच्या वापरातला अर्थ आहे. सप्ताहात पहारे ठरतात, वीणा खाली ठेवायची नसते म्हणून तासातासाने माणसे बदलतात, घराघरांतून भाकरी जमा होतात, आचारी, वाढपी, पाणी वाढणारी पोरे, उष्टी काढणारे यांच्या जागा आपसूक ठरतात. ज्याला गळा आहे तो टाळकऱ्यांत, ज्याच्या हाताला चव आहे तो चुलीपाशी, आणि ज्याला यातले काही येत नाही त्यालाही पत्रावळ्या मांडण्याचे काम असते. काल्याच्या कीर्तनाला शेवटची पंगत उठेपर्यंत कोणी घरी जात नाही. माणसाला साजेसे काम शोधून देण्याची कला गावाला सप्ताहाने शिकवली.

एका कामाला जन्मभर वाहून घेण्याचे जालन्यातले ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकातले आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ हैदराबाद संस्थानाकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत उभी केली. हेतू धर्मप्रसाराचा होता. पण शाळा, शेती आणि पुढे मिशनचा दवाखाना यांमुळे आजाऱ्यांची आणि निराधारांची सेवा हे कायम चालणारे काम असू शकते, हे या भागाने पाहिले.

स्वयंसेवक हा शब्द राजकीय अर्थाने जालन्यात आला तो १९३० च्या दशकात. हैदराबाद संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाने तरुणांपुढे निवडीचा प्रश्न ठेवला. वाचनालय चालवणे, प्रभातफेरी काढणे, खादी विकणे ही कामे घरी राहून करता येत होती; सत्याग्रहात नाव घालणे म्हणजे तुरुंग आणि शिक्षणावर पाणी. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील संस्थानमुक्तीचा लढा १९४७ नंतर तीव्र झाला तेव्हा निवड आणखी कठीण झाली. वऱ्हाडची हद्द जालन्यापासून जवळ, म्हणून निरोप पोचवणे, भूमिगतांना भाकरी देणे, हद्द ओलांडू पाहणाऱ्यांना वाट दाखवणे ही कामेही लढ्याइतकीच मोलाची होती. ती करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांची नावे फारशी नोंदली गेली नाहीत, ही इतिहासाची उणीव आहे. जालन्याचे जनार्दनमामा नागापूरकर यांनी या लढ्यात प्राण दिले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि लढ्यासाठी घर सोडलेल्या माणसांपुढे, आता कोणते काम, हा प्रश्न उभा राहिला. कोणी शाळा काढल्या, कोणी सहकारात गेले, कोणी खादी-ग्रामोद्योगात.

याच हैदराबाद राज्यात, तेलंगणातल्या पोचमपल्लीत, १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबांच्या भूदानाला सुरुवात झाली. भूदानापाठोपाठ श्रमदान, संपत्तिदान, बुद्धिदान असे शब्द आले. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, आणि श्रमदान सरकारी कागदावर चढले: रस्ता किंवा शाळाखोली हवी असेल तर गावाने आपला वाटा श्रमाच्या रूपाने द्यावा. कल्पना चांगली होती. अंमलात मात्र फोटोपुरती पहिली कुदळ, नंतर पाटलाच्या यादीप्रमाणे गरिबांची हजेरी, असे अनेक ठिकाणी झाले. मुरूम टाकलेला रस्ता पुढच्या पावसात वाहून गेला की श्रमदानावरचा विश्वासही वाहून जाई. रस्ता कोणाच्या वावरापर्यंत जातो आणि कोणाच्या हाताने होतो, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आली की माणसे पुन्हा येत नाहीत.

१९७० ते १९७३ या सलग दुष्काळाने, विशेषतः १९७२ ने, या प्रश्नाचे रूपच बदलले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. विहिरी आटल्या, जनावरे मिळेल त्या भावाने विकली गेली, आणि माणसे खडी फोडायला रस्त्यावर बसली. उपाशी माणसाकडे श्रमाचे दान मागता येत नाही, त्याला श्रमाचे दाम द्यावे लागते, वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या सत्यावर उभी आहे. योजना दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या काळात स्वयंसेवकाच्या वाट्याला टिकाव-फावडे आले नाही. हजेरीपटावर नाव लागले का, मजुरी वेळेवर मिळाली का, वाटलेला सुकडीचा पूरक आहार मुलांच्या पोटात गेला का, म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना काय मिळते, हे पाहणारी, अर्ज लिहून देणारी, मुकादमाला जाब विचारणारी माणसे हवी होती. हे काम अंगमेहनतीचे नव्हते, पण त्याला धैर्य लागत होते. लिहितावाचता येणाऱ्या तरुणाने खडी फोडण्यापेक्षा चार जणांचे अर्ज भरून देणे जास्त उपयोगाचे, हा त्या वर्षांचा धडा आहे.

दुष्काळाने आणखी एक जाणीव दिली. रोजगार हमीवर फोडलेली खडी ढिगाऱ्यातच राहिली आणि पुढचा दुष्काळ आला तेव्हा गाव होते तिथेच होते. पाऊस इथे अगदीच कमी नाही, सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. तो थोड्या दिवसांत कोसळतो आणि उतारावरची माती घेऊन दुधना, पूर्णा, गोदावरीकडे निघून जातो. तेव्हा काम कोणते करायचे याचे उत्तर जमिनीच्या उतारावर लिहिलेले होते. जालन्यातील मराठवाडा शेती साहाय्य मंडळ या संस्थेने विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखाली ते वाचायला घेतले. शेजारच्या, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या आडगावात संस्थेने पाणलोटाचे काम केले; पुढे जालन्याजवळच्या खरपुडीत तिचे कृषी विज्ञान केंद्र उभे राहिले. १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला होता; या जिल्ह्याची ओळख पुढे बियाणे आणि पोलादाबरोबर पाणलोटानेही घडली.

फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मनीचा, व्यवस्था नाबार्डची, गावात काम करणारी स्थानिक संस्था आणि निर्णय गावाच्या पाणलोट समितीचा. याच सुमारास, १९९२ मध्ये, राज्य सरकारची आदर्श गाव योजना आली. तिची पंचसूत्री नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान अशी होती. इंडो-जर्मन कार्यक्रमाने श्रमदानाला एक वेगळीच जागा दिली. निधी मिळण्याआधी गावाने चार दिवस श्रमदान करून दाखवायचे, ही पात्रतेची परीक्षा. गावाची एकी भाषणातून कळत नाही; सलग चार दिवस सकाळी कोण येतो, कोण येत नाही आणि न येणाऱ्याच्या घरी कोण जाऊन बसतो, यातून कळते. प्रत्यक्ष कामातही अकुशल मजुरीच्या खर्चापैकी किमान १६ टक्के वाटा गावाने श्रमातून उचलायचा होता. बाकीची मजुरी रोख मिळे, त्यामुळे चूल थांबत नव्हती. आणि भूमिहीन व एकट्या पालकावर चालणाऱ्या गरीब घरांना श्रमदानातून सूट होती. बांधाचा फायदा जमीनवाल्याला होतो, मग दान त्याने द्यावे, हा हिशेब सरळ आहे. वेठीच्या आठवणीला इतके नेमके उत्तर त्याआधीच्या कोणत्याही नियमाने दिले नव्हते.

जालना तालुक्यातले कडवंची हे या कार्यक्रमातले सर्वांत नावाजलेले गाव. पाणलोटाचे क्षेत्र १८८८ हेक्टर, कामाचा काळ १९९६ ते २००२. काम माथ्यापासून पायथ्याकडे नेण्याचा नियम होता आणि तो पाळणे हीच कसोटी होती. प्रत्येकाला वाटते, पहिला बंधारा आपल्या विहिरीजवळच्या नाल्यावर व्हावा. पण वरचा माथा उघडा ठेवून खाली बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. म्हणून आधी डोंगरउतारावर समतल चर आणि झाडे, मग ओघळींना दगडी अडथळे, मग शेताशेतात बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यावर माती-सिमेंटचे बंधारे. पहिल्या वर्षी जो राबतो त्याला स्वतःच्या विहिरीत काहीच दिसत नाही. दिसते ते माथ्यावरच्या पडीक जमिनीत. तिथे गुरे चारायला बंदी घातली की शेळ्या पाळणाऱ्या घरांचे नुकसान आधी होते आणि गवत मागाहून येते. हा वाद ज्या गावांनी बसून मिटवला त्यांचे पाणलोट टिकले. बंदीपेक्षा त्यामागची समजूत जास्त महत्त्वाची होती.

कडवंचीत शेताच्या बांधबंदिस्तीवर विशेष भर होता, आणि गावाच्या यशाचे मूळ तिथेच आहे. नाल्यावरचा बंधारा सगळ्यांचा असतो, म्हणून पुष्कळदा कोणाचाच नसतो. शेताचा बांध मात्र ज्याच्या वावरात आहे तो रोज येता-जाता पाहतो. फुटला तर दोन फावडी माती तोच टाकतो. पाणी मुरले, विहिरी धरू लागल्या, आणि कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने गाव ठिबक आणि द्राक्षबागांकडे वळले. पुढे शेततळ्यांची संख्या शेकड्यांत गेली. २०१२ च्या दुष्काळात जालना हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या वर्षीही कडवंचीच्या बागा तगल्या आणि गाव पाहायला बाहेरची माणसे येऊ लागली. त्या यशात बाजाराचा, कर्जाचा आणि द्राक्षाच्या भावाचाही वाटा आहे. केवळ श्रमदानाने बागायत होत नाही. शेततळ्यांत साठवलेल्या पाण्यामागे भूजल किती उपसले जाते, हा प्रश्नही अशा प्रत्येक गावापुढे आहे आणि तो सोडवायला चर खोदण्यापेक्षा वेगळी, पाण्याचा ताळेबंद मांडणारी माणसे लागतात.

शहराची गोष्ट निराळी. जालना शहराला जुन्या काळी मोती तलावाचे पाणी होते, आणि निजामी राजवटीत १९३० च्या दशकात बांधलेल्या घाणेवाडी जलाशयातून ते उताराने शहराकडे येत असे. दशकानुदशके तळाशी गाळ साचत गेला. शहराची वस्ती वाढली, पाणी आठ-पंधरा दिवसांनी येऊ लागले, टँकर नेहमीचे झाले. २०१० च्या आसपास जालन्यातील नागरिकांनी, व्यापाऱ्यांनी आणि उद्योजकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या नावाने गाळ काढायला घेतला. या कामाची जुळणी समजून घेण्यासारखी आहे. लाखो ब्रास गाळ घमेल्याने निघत नाही, त्याला पोकलेन लागते. शहरातल्यांनी पैसा उभा केला, यंत्रे मिळवली. गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यांनी उचलला, कारण तलावाचा काळा गाळ हलक्या रानात पसरला की जमीन सुधारते. एकाची साठवण वाढली, दुसऱ्याचे वावर सुपीक झाले. इथे शहरी स्वयंसेवकाचे काम फावड्याचे नव्हते. वर्गणी मागणे, पावती देणे, उन्हात उभे राहून खेपा मोजणे, गाड्यांची रांग लावणे, आणि पावसाळा आला की थांबून पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू करणे, हे त्याचे काम. पुढे याच प्रयत्नांतून कुंडलिका नदीवरही पाणी अडवण्याची कामे झाली. गाळ काढून तो शेतात नेण्याची कल्पना राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने योजना म्हणून स्वीकारली.

सेवेचे सगळे रस्ते पाण्याकडेच जातात असे नाही. महिको कंपनीचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात श्री गणपती नेत्रालय उभारले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डॉक्टरच करू शकतो. पण खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाची भीती घालवणे, त्याला दवाखान्यापर्यंत आणणे, नंतर थेंब वेळेवर घातले जातात का पाहणे, हे शेजाऱ्याचे काम आहे. ज्याच्याकडे महिन्यातला एखादाच रविवार आहे आणि कुदळीची सवय नाही, अशा माणसाला बांधावरच्या कामापेक्षा हे जास्त झेपते.

महाविद्यालयीन मुलांसाठी वाट राष्ट्रीय सेवा योजनेने उघडली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, अशी तिची रचना. शिबिराचे खरे मोल खोदलेल्या खड्ड्यांत नसते. जालना शहरातला मुलगा सात दिवस एखाद्या वस्तीवर राहतो, हंडाभर पाण्यासाठी किती चालावे लागते ते पाहतो, आणि त्यातले काही जण पुढे ग्रामसेवक, शिक्षक, कृषी सहायक होऊन त्याच भागात परततात. मात्र हिवाळ्यात लावलेली झाडे उन्हाळ्यात जळून जाणे, हा शिबिरांचा नेहमीचा दोष राहिला. सात दिवसांच्या पाहुण्याने सात वर्षे निगा लागणारे काम अंगावर घेऊ नये. त्याने सर्वेक्षण करावे, चराची आखणी शिकावी, विहिरींची पातळी मोजावी.

पाणी फाउंडेशन या संस्थेच्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेने श्रमदान पुन्हा घराघरांतल्या बोलण्यात आणले. २०१६ मध्ये तीन तालुके, २०१७ मध्ये तीस, २०१८ मध्ये ७५ असा विस्तार झाला आणि दुष्काळी मराठवाड्याबरोबर जालन्याची गावेही त्यात उतरली. उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस गावांची स्पर्धा चाले. त्याआधी प्रत्येक गावातले निवडक स्त्री-पुरुष प्रशिक्षणाला जात, ही या उपक्रमाची सर्वांत शहाणपणाची बाजू होती. समपातळी कशी काढायची हे येत नसलेल्या शंभर माणसांपेक्षा ते येणारी पाच माणसे आधी हवीत. उतार चुकला तर चर पाणी अडवण्याऐवजी वाहून नेतो. काम पहाटे सुरू होई, ऊन चढण्याआधी थांबे. बायकांची हजेरी अनेक गावांत पुरुषांपेक्षा जास्त असे, कारण पाणी डोक्यावरून त्याच वाहतात. १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून ‘जलमित्र’ म्हणवले जाणारे स्वयंसेवक येत. एका सकाळच्या त्यांच्या कामाने खोदाई फार होत नसली तरी गावाला हुरूप येई. २०१९ नंतर स्पर्धा थांबली. पंचेचाळीस दिवसांसाठी एक झालेले गाव शेहेचाळिसाव्या दिवशी एक राहते का, याचे उत्तर गावागणिक वेगळे आले. जिथे ग्रामसभेने दुरुस्तीची जबाबदारी वाटून घेतली होती तिथे चर अजून पाणी धरतात. जिथे घेतली नव्हती तिथे ते बुजत चालले.

दुरुस्ती हे या सगळ्या इतिहासातले सर्वांत कमी मानाचे आणि सर्वांत गरजेचे काम आहे. इंडो-जर्मन कार्यक्रमात गावाच्या वाट्यातून देखभाल निधी राखून ठेवण्याची पद्धत होती ती यासाठीच. मृगाआधी चरांतला पालापाचोळा आणि गाळ काढणे, सांडव्यावरचे दगड नीट बसवणे, उंदीर-घुशींनी पोखरलेला बांध ठोकून घेणे, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पहाटे माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत जाऊन कुठे फुटले आहे ते पाहणे, एवढेच ते काम. त्याला यंत्र लागत नाही, वर्गणी लागत नाही. लागतात ती दोन-चार माणसे, ज्यांना प्रत्येक ओघळ नावाने ठाऊक आहे आणि जी पुढच्या पावसाळ्यातही त्याच गावात असतील.